एकोणीस सेकंदांची जाग

"गेली!" अबू मुनीफनं विझलेल्या दिव्याकडे बघत जाहीर केलं. "आता चार मिनिटं हे डबडं नमाज पढणार."

बाकावरची माणसं हसली. खौला हसली नाही. समुद्राकाठच्या अल-मीना गावच्या या धर्मादाय दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे ती बावीस वर्षं बसत होती. दिवसातून आठ-नऊदा वीज जायची. सरकारची गेली की गल्लीतला जनरेटर, जनरेटर दमला की परत सरकार. मंत्री आणि जनरेटरवाला, दोघांनी मिळून गावाला नागवलं होतं आणि दोघांचेही फोटो समोरच्या भिंतीवर दात दाखवत होते. दर अदलाबदलीला खिडकीतलं यंत्र, औषधांची यादी ठेवणारा जुना संगणक, मरायचं, जागं व्हायला चार मिनिटं घ्यायचं, आणि तोवर म्हातारी माणसं गुडघे चोळत उभी.

बैरूतहून संस्थेचे अधिकारी उस्ताद रमझी बजावून गेले होते, "सित्त खौला, शुक्रवारी येतो. रांग अशीच दिसली तर खिडकी बंद. औषधं मोठ्या केंद्रातून घ्यायची."

मोठ्या केंद्राला दोन बस बदलाव्या लागत. समुद्राच्या तळाचे स्पंज काढण्यात अबू मुनीफचे गुडघे कधीच गेले होते. तो कसला जातोय!

खौलाला संगणकाचं कुणी शिकवलं नव्हतं. बिघडवून बिघडवून ती शिकली होती. दुखणं कुठे आहे ते तिला कळलं होतं. यंत्र सुरू झालं की सगळ्यांत आधी एक प्रोग्रॅम उठतो आणि तो बाकीच्यांना उठवतो. त्याला इनिट म्हणतात. त्यांचा इनिट म्हणजे लग्नघरातली आत्याबाई! साठ जणांना हाका मारणार, आणि त्यातल्या पन्नासांचं या घरात कामच नाही. संगणक चालवणारी ही व्यवस्था फुकटची, सगळ्यांना उघडी, हवं ते बदलायची मुभा असलेली. तिनं आत्याबाईला काढून एक हलका, मुका इनिट आणला. तो फक्त लिहून दिलेल्यांनाच उठवी.

तीन दुपारी खिडकी लावून ती नावं लिहीत बसली. पडदा. छपाई. औषधांची यादी. बाहेर होड्यांचे दोर करकरत होते. तिला वाटलं, आपण निजलेल्या घरातून अनवाणी चाललोय, लागेल त्याच्याच खांद्याला हात लावतोय. बाकीचे झोपू देत. आई झोपू दे. ऑस्ट्रेलियाला गेलेला भाऊ झोपू दे.

शुक्रवारी रमझींच्या डोळ्यांदेखत वीज गेली, जनरेटर धडधडला आणि एकोणिसाव्या सेकंदाला पडदा उजळला. बाकावर टाळ्या पडल्या.

यादी उघडली. ती रिकामी. तिच्या हिशेबानं आज कुणाचंच औषध द्यायचं नव्हतं. कोपऱ्यात तारीख होती, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

यंत्राला स्वतःचं घड्याळ नव्हतंच; तारीख ठाऊक नसली की अशी यंत्रं सत्तर सालापासूनच मोजायला लागतात. शेवटची तारीख आत्याबाई न सांगता पदराला बांधून ठेवायची. खौलानं तिला गाठोड्यासकट हाकललं होतं.

"शाबास, बाई!" रमझी म्हणाले. "रांगच संपवलीत की!"

"सत्तर?" अबू मुनीफ काठी टेकत खिडकीशी आला. "राहू दे गं पोरी घटकाभर. सत्तर साली माझा भाऊ फादल होता. बुडाला तो पुढल्या वर्षी."

खौलाचे कान तापले होते. भिंतीवर पान फाडायचं कॅलेंडर होतं. सकाळी पहिला येईल त्यानं कालचं पान फाडायचं, हा दवाखान्याचा रिवाज, आणि पहिला कायम अबू मुनीफ.

"अम्मो, आज तारीख काय?"

त्यानं भिंतीकडे बघून खणखणीत सांगितली. तिनं टाकली. यादी भरली.

"हे असं दर वेळी विचारणार?" रमझींनी भुवई चढवली.

"विचारणार. यंत्राला ठाऊक नाही, आम्हाला आहे. तुमच्या बैरूतला विचारलं असतं तर चार महिने लागले असते."

रमझींनी रांगेकडे पाहिलं. रांग पुढे सरकत होती. त्यांनी खिडकी बंद करायच्या हुकमाचा कागद घडी करून बॅगेत टाकला. खिडकी राहिली.

तेव्हापासून, खौलानं लिहून दिल्याप्रमाणे, यंत्र उठलं की आधी विचारी, 'आज तारीख काय?' खौला मोठ्यानं वाचे आणि बाकावरून अबू मुनीफ उत्तर देई, दिवसातून आठ-नऊदा.

थंडी सरताना एका सकाळी वीज आली. यंत्रानं विचारलं. खौलानं वाचलं.

अबू मुनीफची जागा रिकामी होती. बाकावर चौघं होती, पण कालच्या पानाला कुणी हात लावला नव्हता.

"सित्त, अडकलं का?" एका बाईनं हळूच विचारलं.

"नाही. जागं आहे."

कोपऱ्यात एक जानेवारी सत्तर. तिनं ते घटकाभर राहू दिलं. मग उठून पान फाडलं, घडी घालून अबू मुनीफच्या मागे राहिलेल्या औषधाच्या पाकिटात ठेवलं आणि तारीख टाकली.