तेरावा भाग आणि बाबांची चिठ्ठी

माझे बाबा शिंपी. शिंपी म्हटलं की लोक हसतात, कारण शिंप्याचा 'उद्या' कधी उजाडत नाही. पण आमच्या बाबांनी चाळीस वर्षांत दिलेली तारीख एकदाही चुकवली नाही. गिऱ्हाइकाच्या कापडाचा कोपरा कातरून चिठ्ठीला टाचायचा, शेजारी तारीख लिहायची, खाली सही ठोकायची. त्या दिवशी कोट तयार म्हणजे तयार. ताप असो, पाहुणे असोत. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा दोन पँटी वेळेवर गेल्या. त्यामुळे बाबांची चिठ्ठी हातात पडली की माणूस निर्धास्त. इथेच मी शेण खाल्लं.

यंदा त्यांना जिना चढवेना. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आकसली आहे, सर्जनबाई म्हणाल्या. ऑपरेशन केलं तर दहा-पंधरा वर्षं आरामात, नाही केलं तर वर्ष, फार तर दीड. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली, घरी येऊन मशीनला तेल घातलं आणि म्हणाले, "बघू."

हे 'बघू' मला पाठ आहे. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर लोकांना तारखा देते. 'बघू' म्हणणारा निदान दाढ ठणकली की येतो. 'कळवतो' म्हणणारा कधीच येत नाही. तो दाराबाहेर पडायच्या आत मी त्याचं नाव पेन्सिलीने खोडते.

त्याच सुमारास बाबांना टीव्हीवरच्या ॲपवर एक मालिका सापडली. वीस वर्षांपूर्वीची, अंतराळातली. एक मोडकं यान, त्यात सात माणसं, घरी परत निघालेली आणि वाट चुकलेली. मी दुपारी जेवायला घरी आले तर हे सोफ्यावर, पाय स्टुलावर.

"अगं, ह्या कप्तानाचा खांदा बघ. दोन बोटं उतरलाय! एवढे तारे ओलांडून चाललेत, पण एक धड शिंपी बरोबर घेता आला नाही लेकाच्यांना."

मला असल्या गोष्टींचा मनापासून कंटाळा. पण तपासण्यांनंतर बाबा पहिल्यांदाच हसत होते, म्हणून मीही ताट घेऊन टेकले. चौथ्या भागापर्यंत माझी गत अशी, की समोर माणूस गाल धरून उभा आणि मला काळजी यानातल्या मेकॅनिकबाईची. रविवारी आम्ही सलग चार भाग बघितले. भाजी करपली, ती तशीच खाल्ली.

बाबांचा मूड बघून मी विषय काढला. "ऑपरेशनची तारीख घेऊ ना?"

"हातातलं काम अर्धवट टाकून मी कधी उठलोय का?"

"बरं बाई. मग ही मालिका संपली की?"

बाबा उठले, जुनं चिठ्ठीपुस्तक काढलं, स्वतःच्या शर्टाच्या आतल्या दुमडीतून कापडाचा तुकडा कातरला, टाचला. तारखेच्या जागी लिहिलं, 'मालिका संपल्यावर'. खाली सही.

मी तिथल्या तिथे दादाला फोन लावला. दादा परगावी असतो, सल्ले तेवढे घरपोच देतो. "लेखी दिलंय?" म्हणाला. "लेखी!" "मग जिंकलीस." मी पुढच्या सोमवारची, सकाळी दहाची वेळ घेऊन टाकली. तोवर मालिका आरामात उरकली असती.

तेरावा भाग गुरुवारी दुपारी बघितला. मेकॅनिकबाई दुरुस्तीसाठी यानाबाहेर गेलेली, टाकीत सात मिनिटांची हवा, आणि दार अडकलेलं. कप्तान आतून दांड्याला हात घालतो. पडदा काळा. नावं वर सरकायला लागली.

"पुढचा लावा की!" मी ओरडले. पुढचा नव्हताच.

दवाखान्यात परतल्यावर दोन दाढांच्या मधल्या वेळात मी मोबाइलवर शोधलं. कुणी बघेना म्हणून वाहिनीने ती मालिका मधेच बंद केली होती. यानाचा सेट मोडून फळ्या विकल्या. त्या बाईचं पुढे काय झालं, ते कुणी लिहिलंसुद्धा नव्हतं. किती जीव लावला होता बाबांनी! घरी येईपर्यंत मी तीन थापा रचल्या आणि उंबऱ्यातच खरं बोलून गेले. "बाबा, ती मालिका बंद पडली होती हो. पुढे काही नाहीच."

बाबा सुईत दोरा ओवत होते. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, अपूर्ण म्हणून. कापडाचा पन्हा मोजल्याशिवाय मी कात्री हातात घेतो का?"

मला समजायला एक क्षण लागला. मग मी अशी भडकले की विचारू नका. "जन्मात कधी मापात पाप केलं नाहीत, आणि पोटच्या पोरीला फसवलंत?"

"फसवलं नाही. चिठ्ठीत लिहिलंय ते खरं आहे. संपली की जाईन."

"पण ती संपणारच नाही!"

"हो." ते श्वास घ्यायला थांबले. हल्ली दोन वाक्यांत एकदा थांबतात. "म्हणून तर."

मी वाट्टेल ते बोलले. दीड वर्ष, पंधरा वर्षं, मी एकटीने काय काय बघायचं, सगळं काढलं, आणि मग मलाच रडू फुटलं. बाबांनी सुई सुयांच्या उशीत खोचली.

"तुझी आई स्वतःच्या पायांनी आत गेली होती," ते म्हणाले. "साधं ऑपरेशन म्हणाले होते. मी बाहेर बाकावर बसून त्या दोन पँटींची काजं करत होतो. काजं संपली, तरी ती आली नाही."

"त्याला बावीस वर्षं झाली, बाबा. आता तसं नसतं."

"मला भीती वाटते गं."

मी डोळे पुसले आणि आत जाऊन दादाला फोन लावला.

दादा म्हणाला, "सरळ उचलून घेऊन जा." मी म्हटलं, माणूस आहे तो, कपाट नाही. संमतीपत्रावर सही त्यांनीच करायची असते. शुक्रवार, शनिवार, रविवार मी विनवण्या केल्या, अबोला धरला, जेवण सोडलं. बाबांनी मला जेवायला लावलं आणि विषय तेवढा सोडून सगळं बोलले.

सोमवारी दहा वाजता मी इस्पितळात फोन केला. फोनवर पलीकडे काउंटरवरची एक मुलगी होती, घाईतली, पण गोड बोलणारी. मी दिवसभर बोलते तशीच.

"आज येत नाहीत का ते? हरकत नाही. दुसरी तारीख कधीची देऊ?"

आतल्या खोलीत बाबांनी पहिला भाग पुन्हा लावला होता. "अगं ये लवकर," त्यांनी हाक मारली, "सुरू होतंय!"

"मॅडम? तारीख?"

माझ्या हातात त्यांची चिठ्ठी होती, शर्टाच्या तुकड्यासकट.

"कळवते," मी म्हणाले.