मोकळ्या जागेतला सूड

शिट्टीला शिट्टी हे नाव तिच्या आत्याने ठेवलं. सॅक्सोफोन घरात आला तेव्हा पहिले काही महिने त्यातून शिट्ट्याच निघत, आणि आत्या दर वेळी उठून चहाची किटली बघून यायची. पुढे पोरगी सुधारली, नाव तेवढं सुधारलं नाही.

तिला सुधारलं सरांनी. सर म्हणजे शहरातला अभिजात वाद्यवृंद चालवणारे कडक मास्तर. त्यांनी नुसतं बघितलं तरी वादकांचे कणे ताठ होत. शिट्टी त्यांची लाडकी. मग एके दिवशी त्यांना कळलं, की ही लाडकी संध्याकाळी एका हॉटेलात जॅझ वाजवते.

"ओठ दाखव," सर भर तालमीत म्हणाले, आणि बाजारात घोडा बघावा तसा त्यांनी तिचा खालचा ओठ बघितला. "संपलं. हॉटेलात गेलेला ओठ परत येत नाही. जा बाई, लोकांचं जेवण पचव."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, कारण सर विनोद क्वचित करत आणि तो वाया जाऊ देणं धोक्याचं होतं.

घरी आल्यावर ती जेवली नाही.

"कुणी काही बोललं का गं?" आत्याने विचारलं.

"सरांना मी सगळ्यांसमोर उभं करणार आहे."

"अगं, ते उभेच असतात की!"

"अजून उभं."

हॉटेलातल्या बँडचा ढोल-झांजा सांभाळणारा दादा तिला समोर सुरांचा कागद न ठेवता, मनाने वाजवायला शिकवत होता. त्याने तिच्या सॅक्सोफोनचा आवाज ऐकला आणि काठ्या खाली ठेवल्या. "चिडली आहेस ना? झकास. पण सगळी चीड पहिल्या फेरीत उधळू नकोस. ऐकणाऱ्याला वाटू दे, आता संपणार, आता संपणार. आणि संपवू नकोस."

तिने ते मनावर घेतलं. माणूस प्रेमापोटी करतो त्याच्या दुप्पट सराव सूड घ्यायचा म्हणून करतो. संगीतशाळा हे जाहिरातीत छापत नाहीत, एवढंच.

वाद्यवृंदाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी एकल वादक निवडायचा होता. वशिला लागू नये म्हणून उमेदवारांनी पडद्याआडून वाजवायचं आणि बाहेरच्या परीक्षकांनी निवडायचं, ही पद्धत सरांनीच आणलेली. निकाल लागला, सर कौतुकाने टाळ्या वाजवू लागले, पडदा सरकला, आणि समोर शिट्टी. सरांचे दोन्ही हात एकमेकांपासून वीतभर लांब तसेच थांबले.

तालमींत ती इतकी गुणी वागली, की सरांना संशय यायला हवा होता. पण त्यांना वाटलं, पोरगी वठणीवर आली.

आता कार्यक्रमात वाजवायच्या रचनेत एक मोकळी जागा होती. तिथे सगळा वाद्यवृंद गप्प बसतो, संचालक, म्हणजे इथे सर, ताल दाखवायची काठी खाली घेतो आणि एकल वादक एकटाच वाजवतो. त्याचं झालं, की तो शेजारचे दोन सूर भराभर आलटून पालटून थरथरवतो. ती खूण. खूण मिळाली की संचालकाने काठी उचलायची; त्याआधी वाद्यवृंद आत आणण्याची रीत नाही. त्या जागेसाठी सरांनी स्वतः सुरावट लिहून दिली होती आणि ती फार सुंदर आहे असं त्यांचं मत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी शिट्टीने त्यातला एकही सूर वाजवला नाही.

तिने सर वाजवले. त्यांचं घसा खाकरणं, टाचेची टकटक, "संपलं" म्हणतानाचा तो पडता आवाज. मागच्या रांगेतला तुतारीवाला ओठ चावत छताकडे बघू लागला. सर मान खाली घालून खुणेची वाट बघत उभे.

शेवटी सूर थरथरला. सरांची काठी वर गेली, तमाम वाद्यं ओठांना, हनुवटीला लागली. शिट्टी त्या थरथरीवरून अलगद घसरली आणि जॅझमध्ये शिरली. काठी खाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. काठी वर, काठी खाली. आता सरांचा हात कापत होता आणि मान लाल झाली होती.

तिसऱ्यांदा मात्र तिने खरोखर खूण दिली. पोट भरलं होतं.

कुणीच हललं नाही.

तिने थरथर वाढवली. सरांनी काठी स्टँडवर ठेवली, रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. आधी एक काच, मग दुसरी. शिट्टीच्या फुप्फुसात आता नावापुरती हवा होती. सूर तुटला असता तर आयुष्यभराची शोभा. तिने सरांकडे बघितलं आणि मान केसभर झुकवली.

सरांनी चष्मा चढवला, काठी उचलली, आणि वाद्यवृंद गडगडत आत आला.

सभागृह उभं राहिलं. पडदा पडला आणि व्यवस्थापक मागे धावत आला. "काय जमलंय हो तुमचं! गुरू-शिष्य असावेत तर असे! दौरा ठरवून टाकतो. रोज हेच, रोज अस्संच!"

दोघं हातात हात घालून पुढे झाली. सरांनी तिची बोटं चिरडली.

"मान झुकवलीस."

"तुमचा हात कापत होता."

"उद्या तालमीला ये. बघतो तुला."

"येणारच. सोडते की काय!"

पडदा पुन्हा वर गेला, तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून इतकं गोड हसली, की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.