सहा महिन्यांचे मासे

राजसीला मेजर विषय निवडायचा होता आणि तिच्याआधीच तो बाकी सगळ्यांनी निवडून टाकला होता.

उल्हासनगरच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला तिला केमिस्ट्री आणि बॉटनी असे दोन्ही विषय होते. आता दुसऱ्या वर्षापासून एकच मेजर ठेवायचा, दुसरा मायनर. कॉलेजने मोबाइलवर लिंक पाठवली होती आणि ती शुक्रवारी बंद होणार होती. राजसी रोज ती उघडायची, दोन्ही नावांकडे बघायची आणि बंद करायची. तिला केमिस्ट्री आवडायची. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडताना एका थेंबाला अख्खा फ्लास्क गुलाबी होतो, तो क्षण तिला फार आवडायचा. पण बॉटनीच्या मॅडम शिकवायला लागल्या की तास कधी संपला ते कळायचं नाही. शिवाय तिची मैत्रीण रिद्धी बॉटनी घेणार होती. रिद्धीचं घर वांगणीला, घरची शेती, चुलत्याची नर्सरी. तिचं सगळं ठरलेलं होतं.

रविवारी बदलापूरहून आत्या आणि तिचे यजमान विष्णुपंत आले. विष्णुपंतांनी विषय लगेच हातात घेतला.

"बॉटनी? म्हणजे पुढे काय, गजऱ्यांचं दुकान?" स्वतःच्याच विनोदावर ते एवढे हसले की तोंडातल्या साबुदाणा वड्याचे कण टीपॉयवर उडाले. "अगं, आमच्या सोसायटीतल्या साठ्यांची मुलगी बघ. डेटा सायन्स. तुला आणखी दोन टक्के पडले असते ना, तर तूही..."

बोलता बोलता त्यांनी करंगळीच्या नखाने दाढेतलं काहीतरी उकरून काढलं, निरखून पाहिलं आणि परत खाल्लं. राजसीच्या अंगावर काटा आला. ती पाणी आणायला म्हणून उठली आणि परत बाहेर आलीच नाही.

आई, नीलिमा, स्वयंपाकघरात तिला म्हणाली, "तुला झेपेल ते घे गं. मी कशालाच नाही म्हणणार नाही." आणि पुढच्याच वाक्यात म्हणाली, "फक्त नोकरी लागेल असं घे."

पाहुणे गेल्यावर बाबा तिच्याजवळ येऊन बसले. बाबांचं नाव चिंतामणी. ते अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत अधिकारी होते. कंपनीचं सांडपाणी शुद्ध करून बाहेर सोडायचं, त्या प्लँटची जबाबदारी त्यांच्याकडे होती. माणूस शांत. मुलीवर कधी आवाज चढवला नव्हता.

"माझं मत विचारशील तर केमिस्ट्री," ते म्हणाले. "पण मी सांगतो म्हणून नको घेऊस. बुधवारी प्लँटवर ये. कर्जतकडच्या एका कॉलेजची मुलं व्हिजिटला येतायत. पुस्तकातली केमिस्ट्री खरी कशी चालते ते बघ आणि मग ठरव."

तिला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी 'बघ आणि ठरव' असं म्हणाला होता.

बुधवारी दोघं स्कूटरवरून निघाली. शिवमंदिराचा रस्ता मागे टाकल्यावर बाबांनी एमआयडीसीकडे न वळता गाडी उल्हासनगरकडे घातली. "एक छोटं काम आहे," ते म्हणाले. नाल्यावरच्या पुलावर राजसीने ओढणी नाकावर दाबली. तिचं नाक फार तिखट. या नाल्याचा सडक्या अंड्यांसारखा वास कॉलेजच्या वर्गातही यायचा आणि काही दिवशी तिला डबा उघडवायचा नाही. बाबा मात्र निवांत गाडी चालवत होते.

मार्केटमधल्या एका ॲक्वेरियमच्या दुकानासमोर त्यांनी गाडी लावली. दुकानदार सिंधी, ओळखीचा दिसत होता.

"आओ साईं! आपका बुधवारवाला माल तैयार है." त्याने हवा भरून फुगवलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या पुढे केल्या. आत बोटभर लांबीचे नारिंगी मासे गर्दी करून फिरत होते. "पिछली बार आप बोले थे ना, दो दिन में गए? इस बार कडक वाले दिए हैं. शनिवार तक तो खींच लेंगे."

बाबा पैसे देऊन वळले. पिशव्या राजसीने मांडीवर धरल्या. ऑफिसातल्या शोभेच्या टाकीसाठी असतील, असं तिला वाटलं. हलणाऱ्या पाण्यातून एक मासा सारखा तिच्या अंगठ्याला टोचा मारत होता. तिला गंमत वाटली.

प्लँट कंपनीच्या मागच्या बाजूला होता. आधी काळ्या पाण्याचे हौद, मग फेस उसळणारी मोठी टाकी, मग गाळण्या, आणि सगळ्यात शेवटी भिंतीला लागून एक काचेची पेटी. शुद्ध झालेलं पाणी एका नळीतून त्या पेटीत पडत होतं. पेटीवर पाटी होती: 'आमचे प्रक्रिया केलेले पाणी. येथे जीवन फुलते.'

पेटीतले मासे पोट वर करून तरंगत होते.

जनू नावाचा कामगार जाळीने ते काढून बादलीत टाकत होता. पांढऱ्या पोटांवर बुळबुळीत साय आल्यासारखी दिसत होती. कल्ल्यांच्या कडा झिजून चिंध्या झाल्या होत्या. एकाचा डोळा जाळीला चिकटून राहिला, तो जनूने झटकला. नाल्यावरचा तोच वास, वर ब्लीचिंग पावडरचा उग्र दर्प. राजसीच्या तोंडात आंबट पाणी आलं.

"उरक लवकर, बस गेटवर आलीय," बाबा म्हणाले. तिच्या हातातल्या पिशव्या त्यांनी घेतल्या, गाठी सोडल्या आणि मासे पेटीत ओतले. हात सरावाचा होता. एकही थेंब बाहेर सांडला नाही.

मुलं आली. बाबांनी त्यांना एकेक हौद दाखवला. ते छान समजावत होते. कुठल्या टाकीत काय घालतात, जंतू घाण कशी खातात, गाळ कुठे जातो. हे सगळं खरं होतं, राजसीला कळत होतं. मग सगळे काचेच्या पेटीपाशी आले.

"आणि हा आमचा सगळ्यात मोठा पुरावा," बाबा म्हणाले. "रिपोर्ट कोणीही छापेल. मासे खोटं बोलत नाहीत."

मुलांनी मोबाइल काढले. चष्मा लावलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे किती दिवसांपासून आहेत इथे?"

"सहा महिने झाले असतील," बाबा म्हणाले.

राजसीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. मुलांच्या मागे जनू बादलीवर गोणपाट टाकून उभा होता.

"ही माझी मुलगी," बाबा पुढे म्हणाले. "केमिस्ट्री मेजर घेतेय. राजसी, सांग बरं यांना, या पाण्यात मासे का जगतात?"

सगळे तिच्याकडे वळले. नाही म्हणता आलं असतं. मला बरं वाटत नाहीये, एवढं जरी म्हणाली असती तरी चाललं असतं. पण तिचं तोंड उघडलं आणि उत्तर बाहेर पडलं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे काय, घाण जास्त असली की जंतू तो कसा संपवतात, प्रक्रिया झाल्यावर तो पुन्हा कसा वाढतो, माशांना किमान किती लागतो. सगळं मुद्देसूद, परीक्षेत लिहिल्यासारखं. चष्म्याची मुलगी भराभर टिपून घेत होती. बाबांनी पाठीवर थाप दिली. मुलांच्या सरांनी टाळ्या वाजवल्या.

बस गेली तशी राजसी भिंतीमागे धावली आणि तिला भडभडून उलटी झाली. पोट रिकामं झालं तरी उमासे थांबेनात. आपलाच आवाज तिच्या कानात घुमत होता, तो गोड, हुशार मुलीचा आवाज. बादलीतल्या माशांपेक्षा तिला त्याची जास्त शिसारी आली.

कँटीनमध्ये बाबांनी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत सरकवला.

"दर बुधवारी आणतोस?"

"व्हिजिट असली की आणतो. इन्स्पेक्शन असलं की आणतो." ते पोळीचा तुकडा मोडत म्हणाले. "पाणी तेवढं वाईट नसतं गं. मासे क्लोरीनने मरतात. बाकी बहुतेक सगळं मर्यादेत असतं."

"बहुतेक?"

"अजून एक टाकी हवी. साहेबांना सांगून थकलो मी. दर वर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी."

"मग सहा महिने का म्हणालास? आणि मला का बोलायला लावलंस?"

"तू छान बोलतेस म्हणून," ते म्हणाले. "मला अभिमान वाटला."

'मासे खोटं बोलत नाहीत' या वाक्यापेक्षा हे वाक्य तिला जास्त लागलं, कारण हे खरं होतं.

"तुला वास तरी कसा सहन होतो इथे?" ती जवळजवळ ओरडली.

"मला वास येत नाही, राजसी. कशाचाच नाही. बरीच वर्षं झाली. तुझ्या आईला माहितीये." त्यांनी भाजी संपवली, डबा पुसून घेतला. "सवय होते म्हणतात ना, त्याच्या पुढचं आहे हे."

तिला त्यांची कीव यायला हवी होती. आलीही. पण तिला स्वतःच्या अंगावर घाणीचा एक थर जाणवत होता आणि तो निघत नव्हता. घरी येऊन तिने दोनदा अंघोळ केली. आईला विचारलं, "तुला बाबाच्या नाकाचं माहिती होतं?" आई भाजी निवडत होती. "घर चालवायचं होतं," ती म्हणाली आणि पुन्हा देठं मोडायला लागली.

गुरुवारी राजसीने लिंक उघडून बॉटनीवर बोट नेलं. तेवढ्यात इन्स्टाग्रामवर मेसेज आला. ती चष्म्याची मुलगी, नेत्रा. 'ताई, काल तुम्ही मस्त एक्स्प्लेन केलंत! आमच्या प्रोजेक्टमध्ये तुमच्या नावाने घालतेय, चालेल ना? माशांचा फोटो पहिल्या पानावर आहे.'

राजसीने फोन पालथा ठेवला. पुन्हा उचलला. बाबांचं काय होईल, हे तिच्या मनात आलं आणि तरीही तिने लिहिलं, 'घालू नकोस. ते मासे त्याच सकाळी दुकानातून आणले होते. आधीचे मेले होते. मी पाहिलं होतं आणि तरी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमच्या सरांना सांग.'

दुपारभर ती सारखी फोन उघडून बघत होती. संध्याकाळी उत्तर आलं.

'सरांना दाखवलं. सर म्हणाले राहू दे, ती कंपनी दर वर्षी आपल्या मुलांना इंटर्नशिप देते. फोटो ठेवायला सांगितलाय. फक्त तुमचं नाव काढते. सॉरी ताई.'

खाली हात जोडल्याची इमोजी होती.

राजसी कडवट हसली. काल टाळ्या वाजवणारा माणूस तोच. पेटीपाशी उभे असलेले सगळे आता तिच्या डोळ्यांसमोर एका रांगेत आले आणि त्या रांगेत तिने स्वतःलाही पाहिलं.

शुक्रवारी सकाळी तिने केमिस्ट्री भरली. बॉटनी घेऊन सुटून जाता आलं असतं. पण रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बाबा म्हणाले क्लोरीन. ते खरं होतं की ही आणखी एक थाप? ते मासे नेमके कशाने मेले, हे तिला जाणून घ्यायचं होतं आणि ते बाबांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

रिद्धीला कॉलेजच्या गेटवर कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. बुधवारचं सगळं राजसीने तिला फोनवर सांगितलं होतं.

"एवढं बघून आलीस न् तरी केमिस्ट्री? शेवटी बाबांचंच ऐकलंस ना तू?"

"नाही गं."

"मग काय? त्या घाणीत हात घालायचाय तुला?"

"घालावा लागेल बहुतेक."

रिद्धीला ते पटलं नाही. ती "जा मग" म्हणाली आणि दुसऱ्या मुलींबरोबर आत गेली. त्या वर्षी त्यांचं बोलणं कमी होत गेलं.

बाबांनी संध्याकाळी पेढे आणले. त्यांचा चेहरा एवढा उजळला होता की राजसीला तो बघवेना.

"मी तुझ्या कंपनीत येणार नाही, बाबा. कधीच."

"बरं, ते नंतर बघू."

"आणि त्या कॉलेजच्या मुलीला मी खरं सांगितलंय. माशांचं."

बाबांचा हात पेढ्याच्या खोक्यावर थांबला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझं नाव घेऊन?"

"नावाची गरज नव्हती. तूच बोलत होतास."

त्यांनी खोकं हळूच टेबलावर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "मग? काय म्हणाले ते लोक?"

"राहू दे म्हणाले."

बाबांनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती पाहून राजसीने हातातला घास ताटात ठेवला.

पुढच्या बुधवारी ते स्कूटर घेऊन उल्हासनगरच्या दिशेने गेले. त्यानंतरच्याही.

दुसरं वर्ष सुरू होऊन महिना झाला असेल. राजसी जेवणाच्या टेबलावर पाण्यातलं क्लोरीन मोजायच्या प्रयोगाची आकडेमोड करत होती. बाबा मागून जाता जाता थांबले. वहीत डोकावले.

"समीकरणात इथे दोन हवेत," ते म्हणाले. "आयोडीनच्या एका रेणूला थायोसल्फेटचे दोन. म्हणून तुझं उत्तर दुप्पट आलंय."

तिला त्यांचं ऐकायचं नव्हतं. तिने समीकरण पुन्हा मांडून पाहिलं. ते बरोबर बोलत होते. दात आवळून तिने एकाच्या जागी दोन लिहिले आणि खालचं सगळं गणित खोडून पहिल्यापासून करायला घेतलं.