टिएकेंची तिसरी खेप

बेटावर आता कुणी राहत नाही, पण बेट आमच्या टोळीचं. माझी थोरली बहीण रोइमाता त्याची राखणदार आणि मी तिची होडी चालवतो. तिथले उंदीर आणि मांजरं संपवायला आम्हाला सात वर्षं लागली. मग आम्ही उत्तरेकडच्या टोळीकडून टिएके आणले. काळे, पाठीवर तांबूस पट्टा असलेले, जेमतेम उडणारे पक्षी. पहिल्या खेपेला बारा, दुसऱ्या खेपेला पंधरा. दोन्ही वेळा वर्षभरात एकही उरला नाही.

पक्ष्यांचे जाणकार म्हणाले, संख्या कमी पडली. इतक्या थोड्यांतले चार मेले की जोड्याच जुळत नाहीत. रोइमाताला ते पटलं, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या खेपेतले सहा उरले होते, तेव्हापासूनच ती बेटावर तंबू ठोकून राहिली होती. किडे, फळं, सगळं भरपूर होतं. पण सकाळी मानुकाच्या झुडपांच्या बारीक फांद्यांखाली काळी पिसं पडलेली असत, आणि जवळच घुबडाने ओकून टाकलेल्या गोळ्यांत टिएकेची हाडं.

टिएके झोपतो ढोलीत. बेटावरची म्हातारी झाडं मेंढ्यांच्या कुरणासाठी कधीच जाळली गेली होती. आम्ही लावलेलं रान पंचवीस वर्षांचं. एकाही खोडाला ढोली नव्हती.

"आपण त्यांना जेवायला बोलावलं आणि झोपायला उघडं अंगण दिलं," ती मला म्हणाली.

पुन्हा पक्षी मागायचे, तर त्याच उत्तरेकडच्या टोळीकडे जावं लागणार होतं. तिसऱ्यांदा तोंड दाखवायला आमच्यातलं कुणी तयार होईना. शेवटी रोइमाता आणि मीच गेलो, रताळ्यांची दोन पोती आणि एक लाकडी खोका घेऊन.

तिथले वडीलधारे पारातेने. सगळे त्यांना कोरो म्हणजे आजोबा म्हणत. सभागृहात सगळ्यांसमोर ते म्हणाले, "दोनदा दिले, दोनदा तुमच्या घुबडांनी मेजवानी झोडली. आता चटणी पण आम्हीच पाठवायची का?"

लोक हसले. माझे कान तापले. रोइमाताही हसली आणि तिने खोका त्यांच्यापुढे ठेवला.

"कोरो, चूक आमची. घर न बांधता आम्ही तुमची लेकरं मागितली. हे एक घर. अशी दीडशे टांगते, मग तुम्ही येऊन बघा. पटलं तरच द्या. पण बारा नकोत, साठ द्या."

"साठ? जीभ मोठी आहे तुझी, पोरी."

"कमी मागितले म्हणूनही मेले, कोरो."

त्यांनी खोक्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. "टांगा आधी. मग येऊन बघतो."

आमच्या अख्ख्या गावाने खोके ठोकले. शरदात कोरो आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस चढण चढून खोके हलवून बघत होता. एक डुगडुगला, तो मला पुन्हा ठोकायला लावला. खाली उतरल्यावर म्हणाले, "चौसष्ट देतो. वरचे चार माझ्याकडून."

पहिल्या हिवाळ्यात तेवीस गेले. रोइमाता जेवेनाशी झाली. पण सप्टेंबरात आमच्याकडचा वसंत आला तेव्हा एकेचाळीस जिवंत होते, आणि नोव्हेंबरात एका खोक्यात तीन पिल्लं चोची उघडून बसलेली सापडली. मग दुसऱ्या खोक्यात, मग सोळाव्यात.

तिसऱ्या उन्हाळ्यातली मोजणी संपली, तेव्हा मी होडीतून कोरोंना आणि अर्ध्या गावाला घेऊन बेटाच्या किनाऱ्याजवळ आलो होतो. रोइमाता गुडघाभर पाण्यात उभी होती.

"दोनशे दहा!" ती ओरडली.

कोरो होडीत उभे राहिले आणि गाऊ लागले. होडी वाळूला लागेपर्यंत आम्ही सगळे गात होतो, आणि वर रानात टिएके आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते.