मोगऱ्याच्या मुळाशी ओतलेला रस

द्रौपदाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे नांदरखेड्यात सगळ्यांना माहीत होतं; खुद्द द्रौपदाबाईंनाही. कुणाची सून माहेराहून परतली नाही, कुणाच्या बागेतला केळीचा घड रातोरात गेला, हे आधी त्यांना कळायचं आणि मग गावाला. मनात कुणाबद्दल वाईट नसायचं. पण काय झालं, कसं झालं, का झालं, एवढं कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि कळल्यावर दुसऱ्याला सांगितल्याशिवाय अन्न पचत नसे. अशा बाईने एक गोष्ट दिवाळीपासून होळीपर्यंत पोटात ठेवली होती. स्वतःच्या या पराक्रमाचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

गोष्ट साधी होती. एक पेला भरलेला राहत होता.

सावद्याच्या अलीकडे, केळीच्या बागांमध्ये दडलेलं नांदरखेडे. तिथे ख्रिस्ती मंडळीचं कौलारू चर्च, आणि त्याच्या मागे एका खोलीत द्रौपदाबाई राहायच्या. नवरा असताना तो चर्चची घंटा वाजवायचा. तो गेल्यावर झाडलोट आणि प्रभुभोजनाची तयारी बाईंकडे आली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे सगळ्या मंडळीने प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि रसाचा घोट घ्यायचा. आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजत घालायच्या, पहाटे कुस्करून उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि तो रस काचेच्या बोटभर पेल्यांत ओतायचा. उपासना सुटली की मागच्या धुण्याच्या दगडावर बसून पेले विसळायचे. उरलासुरला रस गटारात टाकायचा नाही, मोगऱ्याच्या मुळाशी ओतायचा, ही त्यांच्या नवऱ्याने घालून दिलेली रीत.

तर दिवाळीनंतरच्या प्रभुभोजनाला बाई पेले विसळायला बसल्या आणि एक पेला काठोकाठ भरलेला. बाकीचे पेले लाकडी ताटात असायचे. हा मात्र बशीतला होता. बशीतला पेला पाळकसाहेबांचा. ते सगळ्या मंडळीला देऊन शेवटी स्वतः घ्यायचे, आणि त्या वेळी सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले.

‘विसरले असतील,’ बाई म्हणाल्या आणि रस मोगऱ्याला घातला. पुढच्या महिन्यात पुन्हा भरलेला. त्याच्या पुढच्याही.

आता बाईंना राहवेना. पाळक बन्सीलाल तायडे म्हणजे शिस्तीचा माणूस. उंच, कोरडे, इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि आवाज असा की मागच्या बाकावर डुलकी घेणारा दचकून उठावा. असा माणूस दुसऱ्यांना पेला देतो आणि आपला तसाच ठेवतो, याचा अर्थ काय? बाईंना वाटलं, साखरेचा आजार असेल, मनुकांचा रस गोड. म्हणून त्या पाळकीणबाईंकडे, कुंदाबाईंकडे, पीठ चाळायची चाळणी मागायच्या निमित्ताने जाऊन बसल्या. तेवढ्यात साहेबांचा चहा झाला. कुंदाबाईंनी त्यात साखर घातली, वर अजून घातली, आणि आतून आवाज आला, ‘फिका झालाय गं.’ साखरेचा आजार तिथेच निकालात निघाला. बाई चाळणी घेऊन परत आल्या, जी त्यांना नकोच होती.

मग रसाचाच काही दोष असेल म्हणून त्यांनी मनुका बदलल्या. भुसावळहून चांगल्या मागवल्या. तरी पेला भरलेलाच.

शेवटी त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. प्रार्थनेच्या वेळी एक डोळा किलकिला केला.

पाळकसाहेब मेजामागे एकटे उभे होते. त्यांनी पेला उचलला, ओठांपर्यंत नेला. तिथेच धरून राहिले. ओठ हलत होते, रस पीत नव्हते. मग पेला जपून बशीत ठेवला आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. बाईंनी झटकन डोळा मिटला. दुसऱ्याच्या घरात खिडकीतून डोकावल्यासारखं त्यांना वाटलं, आणि लाजही वाटली. पण लाजेने त्यांची चौकशी कधी थांबली आहे?

त्याच दुपारी पाळकसाहेब बादली घेऊन मागच्या हौदावर आले. बाई पेले विसळत होत्या. भरलेला पेला त्यांनी मुद्दाम दगडावर मधोमध ठेवला होता.

‘पाळकसाहेब, सलाम. माह्या हातचा रस बिघडू राह्यला का?’

साहेबांनी पेल्याकडे पाहिलं. मग बादली खाली ठेवून पायरीवर बसले. पाळकसाहेबांना असं पायरीवर बसलेलं बाईंनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

‘रस चांगला आहे, बाई. मी चांगला नाही,’ ते म्हणाले. ‘भावाशी समेट केल्याशिवाय या मेजाला हात लावू नका, हे मीच दर महिन्याला सगळ्यांना सांगतो. मग मी कोणत्या तोंडाने पिऊ?’

‘कोन्ता भाऊ?’

‘सुपडू.’

सुपडू हा याच मंडळीतला, दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर. मागच्याच्या मागच्या श्रावणात पाळकसाहेबांनी उपासनेत, सगळ्यांसमोर नाव घेऊन त्याला शिस्तीखाली ठेवलं होतं. शिस्तीखाली म्हणजे मागच्या बाकावर बसायचं, रस-भाकरीला हात लावायचा नाही, आणि पश्चात्ताप करून उभं राहिल्याशिवाय पुढे यायचं नाही. गुन्हा असा की ख्रिस्ती होऊनही तो सावद्याला भावकीच्या घरी, श्रावणात मांडतात त्या कानबाई देवीच्या प्रसादाचा रोट खाऊन आला. सुपडू मागच्या बाकावर बसलाच नाही. उठून गेला, तो बायकोला घेऊन दीपनगरच्या कॉलनीत राहायलाच गेला.

‘मंग त्यात तुमची काय चूक? रोट तं खाल्लाच व्हता त्यानं,’ बाई म्हणाल्या.

‘खाल्ला होता. पण का, ते मी विचारलं नाही.’ साहेबांचा तो मोठा आवाज आता जेमतेम हौदापर्यंत पोचत होता. ‘त्याची आई अंथरुणाला खिळलेली. कानबाईच्या रोटाला घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढतात, तुम्हाला माहीत आहे. सुपडू ख्रिस्ती झाला तरी ती म्हातारी दर वर्षी त्याच्या नावाचे गहू काढायची. त्या वर्षी म्हणाली, सुपडू आल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेणार नाही. तो गेला. तिच्या हातचा घास खाल्ला. गणपतीच्या आत म्हातारी गेली. ते बरोबर की चूक, हे आम्ही दोघांनी बसून, प्रार्थना करून ठरवायचं होतं. तो माझ्याकडे येणारही होता. मी त्याआधीच त्याचं नाव घेतलं.’

‘येवढी घाई काहून केली?’ बाईंनी विचारलं. प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप पडला.

साहेब हसले, पण ते हसू बघवेना. ‘तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलं. त्याच्या आधी मंडळीच्या पंचांच्या बैठकीत सुपडू मला म्हणाला होता, साहेब, जिथं खुर्ची टाकतात त्याच घरी तुम्ही प्रार्थनेला जाता. बागेतल्या झोपड्यांमधी आपली माणसं तापानं फणफणू राह्यली, तठी कधी येता? सगळ्यांसमोर म्हणाला. आणि खरं म्हणाला. मला ते लागलं. मग श्रावणात जेव्हा त्याच्या रोटाचं कानावर आलं, तेव्हा बाई, मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. पाळकाला मेंढरू घसरल्याचा आनंद झाला! आणि त्या आनंदाला मी शिस्त म्हटलं.’

बाईंच्या हातातला पेला तसाच ओला राहिला.

‘मंग जा ना, माफी मागा.’

‘गेलो होतो दीपनगरला. त्याने बसवलं, चहा दिला. म्हणाला, नाव बठ्ठ्या मंडळीसमोर घेतलं आन् माफी चहाच्या कपावर? तेही खरंच आहे. इकडे रतिलाल मास्तर म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाळकच उभा राहून चुकलो म्हणाला तर उद्या मंडळी ऐकणार कुणाचं?’ रतिलाल मास्तर हे पंचांतले सगळ्यांत जुने, त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. ‘म्हणून ना धड माफी मागतो, ना पेला पितो. असा मधेच लटकलोय.’

साहेब उठले, बादली भरू लागले. बाईंच्या डोक्यात अजून एक प्रश्न वळवळत होता. सवयच ती.

‘पन तुम्हाले सांगितलं कोनी? त्याच्या रोटाचं?’

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, उलट कसलीशी माया होती.

‘ते आता कशाला, बाई,’ ते म्हणाले आणि बादली घेऊन निघून गेले.

संध्याकाळी द्रौपदाबाई भाकरी थापायला बसल्या. कोण असेल तो चहाडखोर? झुलाल? त्याचं सुपडूशी बांधावरून बिनसलं होतं. की मंदाबाई? तिला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची खोडच. आणि एकदम त्यांचा हात परातीत थांबला.

श्रावणातला रविवार. सावद्याचा बाजार. उन्हाने जीव घाबरा झाला म्हणून त्या एका गल्लीत सावलीला उभ्या राहिल्या होत्या. समोरच्या घराचं दार उघडं, आत कानबाई मांडलेली, आणि खाटेवरच्या म्हातारीजवळ बसून रोट खाणारा सुपडू. आपल्याला किती मजा वाटली होती! परत येताना रस्त्यात पाळकसाहेबांची सायकल दिसली. आपणच हात करून थांबवली. आपणच हसत हसत सांगितलं, ‘साहेब, तुमचे फिटर आज भावकीत जेवू राह्यले.’ बस्स, एवढंच. घरी येईपर्यंत विसरूनही गेलो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तव्यावरची भाकरी करपली तरी बाई उठल्या नाहीत.

त्या रात्री त्या गुडघ्यांवर बसल्या. रोजची प्रार्थना त्यांना तोंडपाठ होती; सगळ्या गावासाठी काही ना काही मागायच्या, त्या निमित्ताने देवालाही गावाची खबर कळायची. आज एक शब्द फुटेना. ज्या जिभेने कधी विश्रांती घेतली नाही ती टाळूला चिकटून बसली. ‘देवा, मन्हं तोंड शे ते, मन्हंच,’ एवढंच त्या म्हणाल्या. घाबरल्या की माहेरची, धुळ्याकडची बोली त्यांच्या तोंडात यायची, ‘माझं आहे’चं ‘मन्हं शे’ व्हायचं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मनुका भिजत घातल्या आणि पाळकसाहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

‘उद्या मी मागच्या बाकापाशी उभी राहनार हाये,’ त्या म्हणाल्या. ‘सुपडूचं तुम्हाले मीच सांगेल व्हतं. हौदापाशी तुम्हाले ठाऊक व्हतं, पन माहं नाव घेतलं नाही. मी माहं बोलनार. तुमचं तुम्ही पाहा.’

बाईंनी सरळ एस.टी. पकडली, भुसावळला उतरून दुसरी धरली, आणि दुपारी दीपनगरच्या धुराड्यांखाली सुपडूच्या क्वार्टरचं दार वाजवलं. दारातच, पाणीसुद्धा न पिता, त्यांनी सांगून टाकलं.

सुपडू ऐकत राहिला. अंगात कामावरचा खाकी सदरा होता; हातातला पाना त्याने कट्ट्यावर ठेवला.

‘मले वाटे, साहेबांनी सोताच पाह्यलं,’ तो म्हणाला. ‘अक्का, मायच्या शेवटल्या घासाची तुम्ही रस्त्यावर गंमत केली.’

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘उद्या बठ्ठ्यांसमोर सांगनार हाये. आत येऊ नको वाटलं तं बाहेर उभा राह्य. पन ऐक.’

त्याने येतो म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. बाई रिकाम्या मनाने परत आल्या.

रविवारी गीत संपलं, मेजावरचं पांढरं कापड उचललं गेलं, आणि द्रौपदाबाई आपल्या जागेवरून उठल्या. सगळ्या बाकांना ओलांडून मागे गेल्या आणि उभ्या राहिल्या. मंडळीत कुजबुज झाली. तेवढ्यात पाळकसाहेब मेजामागून निघाले. रतिलाल मास्तर मोठ्याने खाकरले. साहेब थांबले नाहीत. ते सगळ्यांच्या मधून चालत आले आणि द्रौपदाबाईंच्या शेजारी, शिस्तीखालच्या माणसाच्या बाकापाशी उभे राहिले.

‘ज्या जागेवरून मी सुपडूचं नाव घेतलं, तिथून हे बोलायचा मला हक्क नाही,’ ते म्हणाले, ‘म्हणून इथून बोलतो.’ आणि हौदापाशी सांगितलं होतं ते सगळं त्यांनी सांगितलं, तो आनंदसुद्धा. मग बाई बोलल्या. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत छोटं बोलणं होतं.

खिडकीबाहेर मोगऱ्यापाशी खाकी सदरा दिसला. बाईंनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं, तर तिथे कुणी नव्हतं.

रस-भाकर रतिलाल मास्तरांनी वाटली. पाळकसाहेब आणि द्रौपदाबाई, दोघांनी आपापले पेले तसेच ठेवले.

उपासना सुटली. बाई दगडावर बसल्या. सगळे पेले रिकामे, दोन भरलेले. मन जड झालं होतं. गेला तो, ऐकलं आणि गेला; जाईल नाही तर काय करील? त्यांनी पहिला पेला मोगऱ्याकडे कलता केला.

‘अक्का, वतू नका.’

सुपडू हौदापाशी उभा होता. डोळे लाल झालेले. पाळकसाहेब नुकतेच मागच्या दारात आले होते. ते पायरी उतरून खाली आले.

‘कोनाचे हायेत ते?’ सुपडूने विचारलं.

‘येक साहेबांचा,’ बाई म्हणाल्या. ‘येक मन्हा शे.’

सुपडूने दोन्ही पेल्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

‘आन् माझा?’

द्रौपदाबाई उठल्या, धडपडत खोलीत गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. तळाशी घोटभर रस उरला होता. पाळकसाहेबांनी एक रिकामा पेला विसळून सुपडूसाठी दोन्ही हातांनी पुढे धरला, आणि बाईंनी तो घोट त्यात ओतला.