तेल धरेपर्यंत

“अगं ये, तू आत कशी राहिलीस?” राहीबाई पलीकडून ओरडली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. “आता तिथंच नांद!”

रेबेकाने मान वर केली. भिंतीकडच्या फरशीवर ती उकिडवी बसली होती, हातात तेलाचं फडकं. डावीकडची फरशी तेलाने काळीभोर चमकत होती, उजवीकडचीही तशीच. मागे आप्पासाहेबांच्या बंगल्याची उंच भिंत, वर काचा रोवलेल्या. पुढे पोहण्याच्या हौदाचं पाणी, आणि पाण्यापलीकडे बंगल्याच्या बाजूची कोरडी फरशी.

शहाबादी फरशी पाणी पिते आणि डाग धरते, म्हणून तिला उकळलेलं अळशीचं तेल चोळायचं. शेवटचा हात दिला की संध्याकाळपर्यंत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर ठसा राहतो, मग दगड घासून काढल्याशिवाय तो जात नाही. दोघींची रीत ठरलेली होती. भिंतीपाशी सुरुवात करायची आणि मागे सरकत दोन बाजूंनी बाहेर यायचं. पण आज सकाळी रेबेका आली तीच बापाच्या छातीतली घरघर कानात घेऊन. बंगल्याजवळ जिथे भाकरीचं फडकं ठेवलं तिथेच बसली आणि चोळत चोळत उलटी भिंतीकडे सरकत गेली. राहीबाई आपल्या बाजूला मान खाली घालून होती. तिच्याही ध्यानात आलं नाही.

“बसते संध्याकाळपतुर,” रेबेका म्हणाली. “सावली तरी हाय.”

“बस. म्या भाकरी फेकते, तू झेल.”

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. तिचा चुलतभाऊ आमोस होता, घामाने निथळत.

“ताई! काका सारखं तुझं नाव घेतोय. ल्हवकर चल. म्या प्रार्थनेला पाळकसायबास्नी आनाया नगरात चाललोय, तू हो फुडं.”

तिचं उत्तर ऐकायला तो थांबला नाही.

रेबेका उठून उभी राहिली. तिने पाय उचलला, तसा मुकादम सहादेव पडवीतून धावत आला.

“पाय टाकू नको! उद्या सायबांच्या लेकीला बघाया पावनं यायचंत.”

“बाप हाय माझा, मुकादम.”

“मला काय कळंना व्हय? पर ठसा दिसला तर तू, राही अन् म्या, तिघंबी दुष्काळी कामावर खडी फोडाया.”

“फळी टाका.”

“फळीचाबी डाग पडंल. जरा दम धर. तेल धरू दे.”

“त्यो दम धरंल का?”

सहादेवने मान वळवली. राहीबाईचं हसू केव्हाच विरलं होतं. तिच्या घरी पाच तोंडं होती आणि रेबेकाला ती ठाऊक होती.

रेबेकाने फरशीकडे पाहिलं. गेल्या थंडीत तिच्या बापानेच ती बसवली होती, खोकत खोकत, एकेक दगड पाणसळीने सपाटीत घेऊन. मग तिने पाण्याकडे पाहिलं. हौद घरातल्या पोरांसाठी केलेला, पाणी छातीच्या वर नव्हतं. तिच्या गावच्या, केडगावच्या विहिरींत त्या उन्हाळ्यात चिखल उरला होता. इथलं पाणी मात्र तळातली फरशी दिसेल इतकं नितळ होतं. कालच आप्पासाहेबांच्या आईने, मुक्ताबाईंनी, हळदकुंकू वाहून त्याची पूजा केली होती आणि रेबेकाकडे बघत बजावलं होतं, “पान्याला शिवायचं न्हाई.” तिला प्यायला पाणी वरून ओंजळीत ओतलं जाई. तिच्या आजोबाने ख्रिस्ती धर्म घेतला होता. त्यांच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाला सगळे एकाच प्याल्याला ओठ लावत. बंगल्याच्या मागच्या दाराला त्याची खबर नव्हती.

तिने फडकं खाली ठेवलं, पदर खोचला, काठावर बसली आणि पाण्यात उतरली.

इतक्या पाण्यात ती जन्मात कधी उभी राहिली नव्हती. गारव्याने श्वास अडकला. लुगडं फुगून वर आलं, तिने ते दोन्ही हातांनी खाली दाबलं आणि पाय रेटत चालू लागली.

“आरं, बाटिवलं!” मुक्ताबाई पडवीत उभ्या राहिल्या. “समदं पानी बाटिवलं हिनं! सहादेव, बघत काय ऱ्हायलास?”

सहादेव नुसता बघत राहिला. राहीबाईने मात्र गुडघे टेकले, हात पुढे केला आणि रेबेकाला वर ओढून घेतलं.

“सोडून द्या हे पानी! थेंब ठिवू नका!”

“सोडायचं आसंल तर आदी सांगा, आईसायेब,” राहीबाई उठत म्हणाली. “केडगावच्या बाया घागरी घिऊन येत्याल.” आणि रेबेकाच्या पाठीत हलकेच ढकलून, “पळ.”

“उद्यापास्नं यिऊ नको,” सहादेव खालच्या आवाजात म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

पुण्याचा रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. ओलं लुगडं पायांत अडकत होतं. चार पावलं धावावं, की पुन्हा थांबून ते सोडवावं. गावाच्या तोंडाशी टँकरची वाट बघत बाया बसल्या होत्या. तिच्या अंगावरून गळणारं पाणी दिसलं तशी त्यांनी उठून तिला वाट दिली. अशी भर उन्हात ओलेत्याने माणसं येतात ती मयतीवरून. एका म्हातारीने कनवाळूपणे विचारलं,

“कोन गेलं गं, बाई?”

“कुनी न्हाई,” रेबेका म्हणाली. “कुनीबी न्हाई.” आणि ती पळत सुटली.

तिच्या आळीच्या वळणावर देवळाची झाडलोट करणारा म्हातारा दिसला. देवळातलं एक लांब बाक तो एकट्याने नेत होता. एक टोक खांद्यावर, दुसरं मातीत रेघ ओढत चाललेलं. आळीत कुणी गेलं, की बसायला येणाऱ्यांसाठी ही बाकं त्या घरच्या अंगणात नेत.

पावलं ऐकून म्हातारा थांबला. तिला ओळखल्यावर त्याने खांद्यावरचं टोक खाली ठेवलं आणि डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

रेबेका मागच्या टोकाला गेली, वाकली आणि बाक उचललं.

“धरा, बाबा,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याने पुढचं टोक धरलं आणि दोघं तिच्या घराकडे चालू लागली.