घुमटाच्या दारामागचा कोट

मी एक जुना कोट आहे. हसू नका, मित्रांनो. तुम्ही दुर्बिणीची गोष्ट ऐकायला आला असाल, तर ती आत घुमटात आहे. तिच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. तिचे फोटो निघतात, तिचा आरसा धुवायचा म्हटला की सहा माणसं हातमोजे घालून येतात. मी दारामागच्या खुंटीवर असतो आणि मला आजवर एकदाही कोणी धुतलेलं नाही. पण मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मला आभार मानायचे आहेत, आणि शेवटी एक मागणं आहे, तेवढं ऐका.

माझा जन्म स्पेनच्या मुख्य भूमीवर, एका शिवणकारखान्यात झाला. बाहेरून जाड राखाडी कापड, आत बदकाची पिसं, चार मोठे खिसे आणि सहा बटणं. मला शिवलं होतं बर्फातल्या मेंढपाळांसाठी. पण १९८९ साली ला पाल्मा बेटावरून एलादियोचं पत्र आलं आणि माझी रवानगी बोटीने इकडे झाली. एलादियो तेव्हा पंचविशीचा होता. पाहुणे शास्त्रज्ञ सांगतील त्या ताऱ्याकडे दुर्बीण फिरवायची, ढग आले की घुमट बंद करायचा, हे त्याचं काम.

त्याला मी का हवा होतो, ते सांगतो. बेट म्हटलं की परदेशी पाहुण्यांना समुद्र, ऊन आणि केळीच्या बागा दिसू लागतात. ते सगळं खाली आहे हो! आमचा डोंगर ढगांच्याही वर. इथे मे महिन्यातसुद्धा पहाटे जिन्यावर बर्फ धरतं. एक पाहुणा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात वर आला आणि तिसऱ्या दिवशी तापाने फणफणला. एलादियो वैतागून म्हणाला, "हे लोक तारे बघायला येतात की मरायला?" आणि त्याने मला मागवलं.

आमची दुर्बीण कोण्या एका देशाची नाही. एकाने आरसा दिला, दुसऱ्याने घुमट, तिसऱ्याने यंत्रं. डोंगर स्पेनचा, म्हणून पाचातली एक रात्र त्यांची. बाकीच्या रात्री समिती वाटून देते. वर्षातून दोनदा अर्ज येतात, दहा जण मागतात आणि दोघातिघांना मिळतं. ज्या देशांचा दुर्बिणीत काहीच वाटा नाही, त्यांच्यासाठीही मोजक्या रात्री बाजूला ठेवलेल्या असतात. मिळालेल्या रात्री ढग आले तर आले. पुन्हा अर्ज करा, पुन्हा वाट बघा.

आणि आलेल्या प्रत्येकाने मला घातलं! इटलीचा पाहुणा मला घालायचा तेव्हा माझ्या बाह्या सारख्या हवेत, कारण हात हलवल्याशिवाय त्याला बोलताच यायचं नाही. फिनलंडच्या बाई चार रात्रींत मिळून तीन वाक्यं बोलल्या, तीही दुर्बिणीशी. घुमटात शेगडी लावायची सोय नाही, गरम हवेने तारे थरथरतात. म्हणून सगळ्यांना माझाच आधार. आमच्याकडे एक रीत पडली. जाणाऱ्याने माझ्या उजव्या खिशात पुढच्यासाठी काहीतरी खाऊ ठेवायचा. कोणी चॉकलेट ठेवलं, कोणी सुके अंजीर. कोणी तरी काळी खारट गोळी ठेवली होती, तिची चव घेऊन एलादियो दोन दिवस त्या देशाच्या नावाने बोटं मोडत होता. एकमेकांना कधीच न भेटलेली माणसं असा एकमेकांना खाऊ द्यायची. मी फक्त तो सांभाळायचो, पण मला वाटायचं, हा मान सगळ्या कोटांना थोडाच मिळतो?

आता एक भानगड सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रात्रीला तारखा दोन असतात. संध्याकाळी आठ तारीख असते आणि उजाडेपर्यंत नऊ झालेली असते. मग त्या रात्रीला आठची म्हणायचं की नऊची? बहुतेक लोक सुरुवात धरतात. आमच्या घुमटात मात्र नोंदवही सकाळी मिटतात, म्हणून पहिल्या दिवसापासून शेवटची तारीख धरली गेली. यादीत 'नऊची रात्र' लिहिलं असेल तर माणसाने आठलाच संध्याकाळी हजर व्हायचं. हे समजून न घेता पाहुणे एक दिवस उशिरा यायचे. मोठमोठ्या ग्रहणांची वेळ सेकंदापर्यंत अचूक काढणारी माणसं, आणि स्वतःची तारीख चुकायची! समितीने यावर तीन बैठका घेतल्या. प्रत्येक देशाला आपलीच पद्धत बरोबर वाटली आणि सगळं होतं तसंच राहिलं.

१९९० साली असाच एक जण उशिरा आला. डेन्मार्कचा टॉर्बेन, सत्तावीस वर्षांचा, ताडमाड उंच. आपली एकुलती एक रात्र आज सकाळीच संपली हे कळल्यावर तो मला घालून जिन्यावर बसला आणि माझ्या बाहीत तोंड खुपसून रडला. त्या रात्री दुर्बीण आयर्लंडच्या ग्रानियाबाईंची होती. त्या बाहेर आल्या, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाक पूस आणि आत चल. अर्धी रात्र तुझी. कोटाला नाक पुसू नकोस, मलाही तो घालायचाय." त्या अर्ध्या रात्रीवर त्याचं पुढचं सगळं शिक्षण उभं राहिलं. मी आणि एलादियो, आम्ही दोघांनी ते पाहिलं होतं.

यानंतर बावीस वर्षं गेली. माझं एक बटण तुटलं, कोपर फाटलं, पिसं बाहेर डोकावू लागली. २०१२ च्या नोव्हेंबरात, संध्याकाळी पाचच्या सुमारास, एलादियो घुमटाशेजारच्या स्वयंपाकघरात मिठात उकडलेले बटाटे आणि लाल तिखट चटणी घेऊन बसला होता. समोर टॉर्बेन. घुमटाचं दार याच खोलीत उघडतं, म्हणून त्यामागच्या खुंटीवरून मला सगळं दिसत होतं. आता तो मोठा शास्त्रज्ञ झाला होता, पण स्वभाव तुसडा. त्या दिवसापासून दोन रात्री त्याच्या होत्या.

दार उघडलं आणि पातळ रेनकोट घातलेली एक बाई धापा टाकत आत आली. "मी रुम्याना. बल्गेरियाहून आले. वेळेत पोचले ना? आज नऊ, आणि माझी नऊची रात्र आहे."

एलादियोचा हात बटाट्यावरच थांबला. "बाई, आधी बसा."

"बसते की. दुर्बीण कधी उघडायची?"

"बसा म्हणतो ना. नऊची रात्र आज सकाळी संपली. काल आम्ही तुमची वाट बघून बघून दमलो. फोन लावला, तो लागला नाही."

ती बसली नाही. रिकाम्या खुंट्यांकडे आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. एका ताऱ्यासमोरून त्याचा अंधूक जोडीदार सुमारे एकतीस वर्षांनी एकदा जातो, आणि तेव्हा तारा चार-पाच दिवस मंदावतो. तेच हे दिवस. १९८१ साली तिचे गुरू झाहारी यांनी त्यासाठी आपल्या देशात अकरा रात्री जागून काढल्या आणि अकराही रात्री ढग होते. आता ते अंथरुणाला खिळलेत. "त्यांनी मला एकच काम दिलं होतं," ती म्हणाली. "आणि मी तारीख चुकले."

एलादियोने टॉर्बेनकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" टॉर्बेन म्हणाला. "तीन वर्षांनी दोन रात्री मिळाल्यात. उद्या समुद्रापलीकडच्या वाळवंटातून धूळ येणार आहे, म्हणजे उद्याची गेलीच. माझ्या हातात फक्त आजची आहे. वाईट वाटतं, पण यादी वाचता येत नसेल तर मी काय करू?"

मित्रांनो, मी खुंटीवर होतो म्हणून, नाहीतर त्याच्या अंगावरच पडलो असतो! ज्या बाहीत हा रडला ती बाही त्याच्यापासून चार हातांवर लोंबत होती. पण कोटाला तोंड नसतं. एलादियोला होतं.

"खरंय," एलादियो शांतपणे चटणी पुढे सरकवत म्हणाला. "यादी वाचता आलीच पाहिजे. बरं टॉर्बेन, तू इथे पहिल्यांदा आलास तेव्हा कितवी तारीख होती रे?"

टॉर्बेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आमच्याकडे ते बटाटे सालीसकट खातात, पण तो मान खाली घालून एकेक साल सोलत बसला. तिसरा बटाटा सोलून झाल्यावर म्हणाला, "तुमचा तारा किती वाजता मावळतो?"

"एकच्या सुमारास खाली जातो."

"मग एकपर्यंत तुमची. एकला मी खुर्चीत बसणार. एक म्हणजे एक, सव्वा नाही."

एलादियोने मला खुंटीवरून काढून तिच्या अंगावर घातलं. "खिशात बघा," तो म्हणाला. आत अक्रोड होते. ते खाताना ती इतकी थरथरत होती की माझी उरलेली पाच बटणं वाजत होती. पण दुर्बीण ताऱ्यावर लागली आणि तिचा थरकाप थांबला. तारा मंदावलेला होता. तिने मोजलं, पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. एकला पाच मिनिटं असताना ती उठली आणि तिने मला टॉर्बेनच्या खांद्यावर घातलं.

तो खुर्चीत बसला. एक वाजून वीस मिनिटांनी ढगांचा समुद्र डोंगराचा काठ चढून वर आला आणि सगळं पांढरं झालं. एलादियोने घुमट बंद केला. त्या रात्रीचा जेवढा स्वच्छ भाग होता, तो जवळजवळ सगळा टॉर्बेनने देऊन टाकला होता. तो मला घालून पहाटेपर्यंत बाहेर जिन्यावर बसून राहिला. ढग काही हलले नाहीत.

रुम्याना बाहेर आली. तिला रडू आवरत नव्हतं. "माझ्यामुळे तुमची..."

"हे ढग तुम्ही बल्गेरियाहून आणलेत का?"

"नाही."

"मग गप्प बसा आणि चहा करा. साखर दोन चमचे."

उजाडल्यावर तिने झाहारींना फोन लावला. बोलताना ती मला पांघरून बसली होती, म्हणून मलाही ऐकू आलं. तिने मोजलेले आकडे वाचून दाखवले. म्हाताऱ्याने एकेक आकडा पुन्हा म्हणायला लावला. मग त्याने एकच विचारलं, "आकाश स्वच्छ होतं?" ती म्हणाली, "काचेसारखं." पलीकडून तो ओक्साबोक्शी रडला, आणि मी तिच्या अंगावर होतो याचं मला फार सुख वाटलं.

दुसऱ्या रात्री सांगितल्याप्रमाणे धूळ आली. टॉर्बेन रिकाम्या हातांनी घरी गेला. जाताना तो तिला एक शब्दही टोचून बोलला नाही. रुम्यानाने माझं फाटलेलं कोपर शिवलं, एक कागद घडी करून माझ्या आतल्या खिशात ठेवला आणि वर टाका घातला. पुढच्या यादीपासून एलादियोने समितीला न विचारता प्रत्येक रात्रीपुढे दोन्ही तारखा लिहायला सुरुवात केली. कोणीही हरकत घेतली नाही.

त्यानंतर दिवस बदलले. आता शास्त्रज्ञ आपापल्या गावी बसून संगणकावरून आमची दुर्बीण फिरवतात. हे चांगलंच झालं, मी उगाच नाक मुरडणार नाही. ज्यांना इतक्या लांब येणं जमत नव्हतं, त्यांच्यापर्यंतही आता रात्र पोचते. पण घरी बसलेल्याला थंडी वाजत नाही. माझा उजवा खिसा रिकामा राहू लागला. खांद्यांवर धूळ बसली, कॉलरमध्ये कसर लागली. गेल्या वर्षी नव्या व्यवस्थापकांनी टाकाऊ सामानाची यादी केली. त्यात मोडकी शिडी होती, दोन खुर्च्या होत्या आणि मी होतो.

यादीवर सही व्हायच्या आदल्या आठवड्यात टॉर्बेन आला. त्याची रात्रबित्र काही नव्हती. निवृत्त झाला होता, सहज आला होता. वर येताच कुडकुडला आणि सवयीने खुंटीवरून मला घातलं. आतला खिसा चाचपताना त्याला टाका लागला. तो उसवून त्याने कागद काढला आणि चष्मा लावून एलादियोला वाचून दाखवला.

"१९८१. झाहारी. ढग.

२०१२. रुम्याना. मिळालं. टॉर्बेनच्या अर्ध्या रात्रीतून.

२०४३. नाव माहीत नाही. रात्र २२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होते आणि २३ च्या सकाळी संपते. तुम्ही तरीही एक दिवस उशिरा आलात, तर हा कोट घाला आणि ज्याची रात्र असेल त्याला हा कागद दाखवा."

टॉर्बेनने बोटांवर वर्षं मोजली.

"त्रेचाळीस साली मी ऐंशीचा होईन," टॉर्बेन म्हणाला.

"मी एकोणऐंशीचा. जिना कोण चढणार? तुला मी उचलणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"आपण कशाला हवेत? कोट हवा." टॉर्बेनने डोळे पुसले. या वेळी त्याने माझी बाही वापरली नाही. मग टेबलावरची ती यादी ओढून घेतली आणि माझ्या नावावर काट मारली. कागद परत आत ठेवला, एलादियोकडून सुईदोरा मागून वाकडातिकडा टाका घातला. जाताना उजव्या खिशात चॉकलेट ठेवून गेला.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. एलादियो लवकरच निवृत्त होईल आणि मला ओळखणारं इथे कोणी उरणार नाही. मला अधूनमधून उन्हात घाला, कसर झाडा, फाटलं तर शिवा. माझ्यावर कोणाचंच नाव नाही, म्हणून मी कोणाचाच नाही असं समजू नका. इतक्या देशांच्या माणसांनी मला ऊब दिली, ती मी तशीच सांभाळून ठेवली आहे. २०४३ च्या ऑक्टोबरात कोणीतरी पातळ कपड्यांत हा जिना चढून येईल आणि धापा टाकत विचारेल, "वेळेत पोचलो ना?" तेव्हा मला खुंटीवर असायचं आहे.